दुसऱ्याच्या हातचं

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघालं की माणसं आधी हसतात. त्यांच्याकडे पाहून नव्हे, त्यांच्या सोबतीनं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातला एखादा उतारा शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो, आणि त्यातला तो लहरी, तापट, पैशाचा हिशेब न कळणारा कवी नवरा आणि त्याच्या मागून संसार ओढत नेणारी ती बोलकी बाई मनात कायमची बसलेली असते. आमच्या घरी आई दुपारच्या वेळी हे पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि वाचता वाचता इतकी हसायची, की पुढची ओळ मलाच वाचावी लागायची.

पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत हे पुस्तक अर्धंच वाचलं जातं. टिळक ख्रिस्ती होतात तिथपर्यंत लोक रंगून वाचतात. एका ब्राह्मण घरावर कोसळलेलं संकट म्हणून ते त्यांना आपलं वाटतं. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती होतात, आणि तिथून वाचकाचं लक्ष हळूहळू पातळ होत जातं. मला वाटतं, खरी लक्ष्मीबाई तिथून पुढे आहे. ज्या स्त्रीनं आपल्या श्रद्धेचा हिशेब देवळात किंवा ग्रंथात नाही, तर स्वतःच्या चुलीपाशी बसून केला, ती तिथं भेटते. माझं सगळं बालपण नगरात गेलं, आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची सर्वांत भरलेली वर्षं याच गावात गेली. त्यामुळे असेल, पण त्या मला कधी पुस्तकातल्या वाटल्या नाहीत.

त्यांचा जन्म १८६८ चा, गोखल्यांच्या घरातला, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फासावर चढवलं. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, आणि ते साधंसुधं नव्हतं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अगदी मीठसुद्धा. मीठ धुतलं तर उरतं काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. घरातल्या बायकामुलांचा सगळा दिवस कुणाला शिवायचं, कुणाला नाही, कुठलं पाणी चालतं, कुठलं बाटलं, यातच जायचा. लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलं आहे, पण वडिलांबद्दल कडवटपणाचा एक शब्द नाही. त्या माणसाला कसली भीती धरून बसली होती ते त्यांना कळलं होतं. ज्यानं आपला छळ केला त्याच्या भीतीकडेही मायेनं पाहणं, याला मी श्रद्धेचाच भाग मानते, आणि तो त्यांच्याकडे ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून होता.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. लिहावाचायला लक्ष्मीबाई शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, एक नोकरी सुटली की दुसरं गाव. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हाती 'नवा करार' दिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या बातमीनं लक्ष्मीबाईंचं काय झालं असेल याची कल्पना आज करता येणं अवघड आहे. नवरा जिवंत, आणि तरी त्या सवाष्ण नाहीत की विधवा नाहीत. पदरात चारेक वर्षांचा मुलगा, दत्तू. बहिणीच्या आधारानं त्या पंढरपुरात राहिल्या. नातेवाईक सांभाळत होते, पण सांभाळणाऱ्यांच्या डोळ्यांतली कीवही रोज दिसत होती. याच काळात त्या कविता रचू लागल्या. दुःख कुणाला सांगावं तर ऐकणारा प्रत्येक जण टिळकांना शिव्या देणार, आणि त्या त्यांना ऐकवत नव्हत्या. टिळकांची पत्रं येत होती. बोलावणं होतं, विनवणी होती, राग होता. काही वर्षांनी त्या नगरला आल्या खऱ्या, पण धर्म न सोडता. त्यांचं बिऱ्हाड वेगळं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ज्या नवऱ्यासाठी सगळं गाव अंगावर घेतलं, त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

हा मधला काळ मला फार मोलाचा वाटतो. टिळक विचार करून, वादविवाद करून, ग्रंथ वाचून ख्रिस्ती झाले, आणि कवी असल्यामुळे एकदम झाले. लक्ष्मीबाईंना ते जमणारं नव्हतं. नवरा गेला म्हणून पाठोपाठ गेल्या, असं त्यांनी केलं नाही. मिशनच्या आवारात, चहूबाजूंनी ख्रिस्ती शेजार असताना, त्या आपलं सोवळं घेऊन बसल्या. कुणी घाई केली नाही, आणि याचं श्रेय टिळकांनाही द्यायला हवं. तापट म्हणून ते प्रसिद्ध होते, पण इथे त्यांनी वाट पाहिली.

मग राहुरीला असताना एक दिवस त्यांच्या मनात विचार आला, की ही जात केली कुणी? देवानं माणूस केला. जात देवानं केली असती तर पशुपक्ष्यांत दिसते तशी ती अंगावर दिसली असती. विचार एवढाच. त्यात ना ग्रंथ, ना प्रवचन. पण लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विचार आणि कृती यांच्यात अंतर नसे. जात माणसानं केली असेल तर ती आपण का पाळायची? आणि पाळायची नसेल तर कुणाच्याही हातचं खायला हरकत काय? त्या कुणाच्याही हातचं जेवायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्या आधी जेवल्या आणि मग ख्रिस्ती झाल्या. आणि जेवल्या म्हणजे कुणाला तरी वाढलं असं नव्हे. वाढणं आपल्याकडे पूर्वीपासून आहे. अन्नदानाचं पुण्य आपल्याला पाठ आहे. दारी आलेल्याला, लांबून का होईना, भाकरी घालायला जलालपूरच्या घरातही हरकत नव्हती. अडचण उलट्या बाजूनं होती. ज्याला आपण घालतो त्याच्या हातचं आपण घ्यायचं का, हा खरा प्रश्न होता. देणाऱ्याचा हात वरच राहतो आणि घेणाऱ्याला तो खाली धरावा लागतो. मीठ धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी त्या दिवशी हात खाली धरायला तयार झाली. पुढे त्यांच्या घराचं जे आतिथ्य नगरभर गाजलं, त्याचं मूळ मला या घेण्यात दिसतं.

मी हे इतकं ठामपणे म्हणते त्याला कारण आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई. आईच्या मैत्रीण, मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, पती लवकर वारलेले. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. रविवारी सकाळी पांढरी सुती साडी नेसून, हातात पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' घेऊन त्या देवळात जायच्या. नगरचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. येताना मंडळीतली कुणी ना कुणी त्यांच्याबरोबर जेवायला असायचीच. कधी खेड्यावरून दवाखान्यासाठी आलेलं कुटुंब, कधी वसतिगृहातली सुट्टीला घरी न गेलेली मुलगी. बाईंच्या घरी पानं मांडली की सगळे हात जोडून डोळे मिटायचे आणि बाई प्रार्थना करायच्या. ती छोटी असायची. अन्नाबद्दल आभार, पिकवणाऱ्याची आठवण, आणि आज ज्यांना मिळालं नाही त्यांची आठवण. मग डोळे उघडून लगेच, "घ्या, भाकरी निवतेय."

नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि कडेला केकचे दोन तुकडे. वर विणलेला रुमाल. आमची आजी ते ताट हसून घ्यायची, बाईंची विचारपूस करायची, रिकाम्या ताटात साखर घालून पाठवायची, आणि फराळ भांडी घासणाऱ्या मावशींना देऊन टाकायची. बाई आमच्याकडे आल्या की त्यांना चहा मिळायचा तो खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपबशीतून. बाईंना ते माहीत होतं. चहा संपला की त्या स्वतः उठून मोरीत कपबशी विसळायच्या आणि खिडकीत पालथी घालून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. आजीच्या दुखण्यात रात्री उशाशी बसल्या त्याही बाईच, आणि त्या रात्रींतही चहा त्याच कपातून घेतला त्यांनी. आजी शेवटपर्यंत बदलली नाही. ती दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. तिनं माझ्यावर जीव टाकला. पण तिच्या त्या कपबशीचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि ते जावं असंही मला वाटत नाही.

बदलली ती आई. आजी गेल्यानंतर ती कपबशी कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही. पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. एकदा बाजारातून येताना आई मला घेऊन बाईंच्या घरात शिरली आणि पायरीवर पिशवी टेकवत म्हणाली, "बाई, भूक लागलीये हो. काय केलंय?" इतक्या वर्षांच्या मैत्रीत आईनं बाईंकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग लगबगीनं आत गेल्या. पिठलं होतं, भाकरी त्यांनी ताजी थापली. आम्ही जेवत होतो आणि बाई आईला पुन्हा पुन्हा वाढत होत्या, "अजून थोडं घ्या, अजून थोडं." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्याआधी नाताळच्या दिवशीही पाहिला नव्हता. बाईंनी आयुष्यभर शेकडो लोकांना जेवू घातलं असेल. त्यांच्यापाशी येऊन हक्कानं मागणारी आमच्या गल्लीतली पहिली बाई माझी आई होती, असं मला आजही वाटतं.

लक्ष्मीबाईंच्या नगरच्या घरात हा हक्क कुणालाही होता. १८९९-१९०० च्या दुष्काळानं नगर जिल्हा पोळून निघाला. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ पासून काम उभं केलं होतं. त्या वर्षी मिशनच्या आवारात अनाथ पोरांची रीघ लागली. टिळकांच्या घरातही परकी मुलं येऊन राहिली, काही तर घरचीच झाली. टिळकांचा स्वभाव असा, की रस्त्यात कुणी दुःखी भेटला तर त्याला सरळ घरी आणायचं. खिशात पैसे असतील तर ते वाटेतच संपायचे. ही गोष्ट टिळकांच्या थोरवीचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण संध्याकाळी डाळ किती आणि तोंडं किती हा हिशेब ज्या बाईला करावा लागला, तिची थोरवी त्याहून निराळी आणि मला विचाराल तर अधिक कष्टाची होती. नवऱ्यानं शब्द दिला की अन्न तिनं शोधायचं. त्या चिडल्या, भांडल्या, टिळकांना सुनावलं, हे सगळं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे. आलेला माणूस मात्र उपाशी गेला नाही. चिडचिड न होणारी सोशिक देवी त्या कधीच नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांच्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.

या घरातला सर्वांना ठाऊक असलेला पाहुणा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्या कोवळ्या मुलाला 'बालकवी' हे नाव मिळालं. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. धर्मानं हिंदू, वयानं दत्तूच्या बरोबरीचा, स्वभावानं हळवा, रुसका, घटकेत फुलणारा आणि घटकेत कोमेजणारा. लक्ष्मीबाई त्याला ठोंबरे म्हणत आणि वागवत मुलासारखं. त्यानं ख्रिस्ती व्हावं म्हणून त्याला घरात ठेवलं नव्हतं, तो झालाही नाही. टिळकांशी त्याचे रुसवे-फुगवे होत, समजूत काढायला लक्ष्मीबाई. ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्थानकाजवळ गाडीखाली सापडून बालकवी गेला, अठ्ठाविसावंही पुरं न होता. त्याच्याबद्दल लक्ष्मीबाईंनी जे लिहिलं आहे ते कुणा कवीवरचं टिपण नाही. मूल गेलेल्या आईचं ते बोलणं आहे. मराठी कवितेचं या घरावर किती ऋण आहे हे मांडताना आपण टिळकांच्या शिकवणुकीची नोंद करतो. दोन वेळचं ताट कुणी वाढलं याचीही नोंद व्हायला हवी.

श्रद्धेबद्दल लक्ष्मीबाई फारसं उपदेशाचं बोलत नाहीत. पण त्या कीर्तन करायच्या. ख्रिस्ताचं चरित्र, टिळकांची पदं, आणि चाली इथल्याच मातीतल्या. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबी होणं असं टिळकांना कधी वाटलं नाही, आणि लक्ष्मीबाईंना तर ते जमलंही नसतं. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताच्या भोवती एकत्र बसता यावं ही त्यामागची ओढ होती. मला वाटतं, तो दरबार लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात त्याच्या कितीतरी आधी भरला होता.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. पदरी पैसा नव्हता. मुंबई, कराची असा प्रवास करत, मुलाच्या संसारात हातभार लावत त्या जगल्या, आणि त्याच वर्षांत त्यांनी एक विलक्षण काम हाती घेतलं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोड्याच अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शाळेचं तोंड न पाहिलेली, जोडाक्षरांशी झगडणारी ती बाई ख्रिस्ताचं सगळं चरित्र मराठी छंदांत लिहीत बसली. यात नवऱ्याचं अपुरं काम पुरं करण्याची निष्ठा आहे, पण तेवढंच असतं तर पाच-दहा अध्यायांत ती भागली असती. ६४ अध्याय निष्ठेनं लिहून होत नाहीत. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याशी रोजचं बोलणं असावं लागतं. 'ख्रिस्तायन' वाचणारे आज फार थोडे आहेत. मीही ते पुरतं वाचायला आयुष्याच्या उत्तरार्धात घेतलं, आणि मला त्यात सर्वांत जवळची वाटतात ती जेवणाची वर्णनं. तो प्रभूही जकातदारांच्या घरी, पाप्यांच्या पंक्तीला जाऊन बसायचा आणि त्यांच्या हातचं खायचा. धर्ममार्तंडांचा त्याच्यावरचा राग पुष्कळसा यासाठीच होता. जलालपूरच्या मुलीला हा राग आतून माहीत होता.

'स्मृतिचित्रे' त्या लिहायला लागल्या तेव्हा हेतू टिळकांच्या आठवणी मुलाला मिळाव्यात एवढाच होता. १९३४ साली पहिला भाग निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग छापून आलेला त्यांनी पाहिला नाही. पुढे नातवानं, अशोक देवदत्त टिळकांनी, त्या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती संपादून काढली. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशींची लक्ष्मीबाई ज्यांनी पाहिली ते ती विसरलेले नाहीत.

बाई गेल्या तेव्हा आई त्यांच्या मातीला गेली होती, आणि परत आल्यावर रीतीप्रमाणे अंघोळ करायची की नाही यावर घरात थोडी कुजबुज झाली. आईनं उत्तर दिलं नाही. ती बाईंच्या लेकाकडून आलेला डबा उघडून जेवायला बसली. आता शाळेच्या पुस्तकात 'स्मृतिचित्रे'तला उतारा निवडायची वेळ कुणावर आली, तर माझी एक मागणी आहे. टिळकांच्या लहरीपणाची गंमत मुलांनी वाचावी, जरूर वाचावी, मीही तिथूनच सुरुवात केली. पण त्याच्या जोडीला राहुरीचं ते पान द्या. जात केली कुणी, असं एक सोवळ्यात वाढलेली बाई स्वतःशीच विचारते आणि जेवायला बसते, ते पान. दहावीच्या वर्गात ते मोठ्यानं वाचलं जावं, डबा खाण्याच्या सुट्टीच्या आधीच्या तासाला.